रशियन ‘दिवान’: दरबाराचं नाव सोफ्याला कसं लागलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन शिकायला घेतलं की पहिल्या दोन महिन्यांतच घरातल्या वस्तूंचा धडा येतो. ‘स्तोल’ म्हणजे टेबल, ‘स्तूल’ म्हणजे खुर्ची (इथे वर्गात पहिला हशा), ‘लाम्पा’ म्हणजे दिवा. मग येतो ‘दिवान’, आणि मराठी मुलांच्या भुवया उंचावतात. हा शब्द तर आपल्या घरातला! त्या तासाला आणि त्यानंतर वर्षभर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

रशियन ‘दिवान’ म्हणजे नक्की काय? सोफा की कॉट?

सोफा. पाठ असलेला, मऊ, दोघं-तिघं शेजारी शेजारी बसतील असा. बहुतेक वेळा उघडून त्याचा पलंगही करता येतो, म्हणून कॉटशी त्याचं नातं आहेच. पण रशियन माणूस ‘दिवान’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पाठ असलेलं बसायचं आसन येतं. आपल्याकडे ज्याला दिवाण म्हणतात, म्हणजे भिंतीला लावलेली, खाली सामानाचा खोका असलेली सपाट कॉट, ती रशियन माणसाला दाखवलीत तर तो तिला दिवान म्हणायला जरा कचरेल.

आणि हो, प्रधान किंवा कारभारी या अर्थाने हा शब्द रोजच्या रशियनमध्ये चालत नाही. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘दिवाण राजाला सल्ला देतो’ असं थेट रशियनमध्ये उतरवलं होतं. वाक्य व्याकरणाने निर्दोष होतं. फक्त राजाला सल्ला देणारा सोफा होता.

मग हा शब्द रशियनांनी भारतातून नेला का?

नाही. आणि आपणही त्यांच्याकडून आणला नाही. दोन्ही घरांत तो एकाच फारसी वाड्यातून आला, पण वेगवेगळ्या दारांनी. आपल्याकडे तो सुलतानी आणि मुघली कारभारातून, फारसी लिहिणाऱ्या कारकुनांच्या बोरूतून उतरला. रशियात तो तुर्कस्तानचा फेरा घेऊन आणि वर फ्रेंच फॅशनचा मुलामा चढवून पोचला. ऐकायला सारखा शब्द दिसला की ‘बघा, संस्कृतातून गेला’ म्हणणारे वर्गात दरवर्षी एक-दोन असतातच. त्यांना मी पुढच्या प्रश्नाकडे पाठवतो, कारण तिथे त्यांच्यासाठी एक वेगळीच गंमत आहे.

मूळ अर्थ काय होता?

मूळ अर्थ फर्निचरचा नाही, कागदाचा आहे. प्राचीन फारसीत ‘दिपि’ म्हणजे लेख. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूने इ. स. पूर्व 520 च्या सुमारास जो प्रचंड शिलालेख कोरवला, त्यात हा शब्द आहे. त्याच्याही मागे गेलं तर प्राचीन इराकमधल्या भाषांतले शब्द भेटतात: अक्कदी ‘तुप्पु’ आणि सुमेरी ‘दुब’, म्हणजे लिहायची मातीची पाटी. या ‘दिपि’पासून मध्य फारसीत ‘देवान’ झाला: लेख ठेवायची जागा, दफ्तर, पुढे हिशेबाची वही.

आता ती गंमत. आपली ‘लिपी’ बहुधा याच ‘दिपि’वरून आली, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. अशोकाचे वायव्येकडचे, खरोष्ठी या जुन्या लिपीत कोरलेले आदेश पाहा: शाहबाजगढीला शब्द ‘दिपि’ असाच आहे, आणि इतरत्र तोच ‘लिपि’ झालेला आहे. म्हणजे रशियन माणूस ज्यावर पाय पसरून पडतो तो दिवान आणि आपण मराठी लिहितो ती लिपी ही लांबची भावंडं.

अजून एक भावंड थेट रायगडावर भेटतं. ‘दिपि’पासूनच फारसीत ‘दबीर’ झाला, म्हणजे लेखनिक, चिटणीस. मराठीत तो ‘डबीर’. शहाजीराजांच्या आणि शिवरायांच्या काळातले सोनोपंत डबीर इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचे आहेत. परराष्ट्राचा कारभार पाहणाऱ्या या पदाला राज्याभिषेकाच्या सुमारास ‘सुमंत’ हे संस्कृत नाव मिळालं, जसा पेशव्याचा पंतप्रधान झाला आणि मुजुमदाराचा अमात्य. हुद्दा बदलला, पण डबीर आडनाव राहिलं. तुमच्या ओळखीत कुणी डबीर असतील तर त्यांना सांगा, रशियातल्या प्रत्येक बैठकीच्या खोलीत तुमचा एक नातलग ठेवलेला आहे.

‘दिवाना’ म्हणजे वेडा, त्याच्याशी काही संबंध?

नाही, पण हा गैरसमज आजचा नाही. अरबी इतिहासकारांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, इब्न खल्दूननेही ती दिली आहे: इराणच्या बादशहाने आपले कारकून स्वतःशीच पुटपुटत आकडेमोड करताना पाहिले आणि तो म्हणाला, ‘दीवाने आहेत!’ त्यावरून त्यांच्या कचेरीला दीवान नाव पडलं. मार्चअखेरीला हिशेब जुळवणाऱ्या कुणालाही ही व्युत्पत्ती पटेल. पण ती खोटी आहे. ‘दीवाना’ हा ‘देव’ या इराणी शब्दावरून आला. तिकडे देव म्हणजे राक्षस, पिशाच्च. झपाटलेला तो दीवाना. शब्द आपल्याच ‘देव’चा सख्खा भाऊ, फक्त त्या घरात वाईट निघालेला.

रशियनमध्ये ‘दीवा’सारखे उच्चार असलेले नवलवाचक शब्दही आहेत, उदाहरणार्थ ‘दीव्नी’ म्हणजे अद्भुत. ते स्लाव्ह घरचे. त्यांचा सोफ्याशी संबंध लावू नका.

कचेरीची बैठक कशी झाली?

पायरीपायरीने. खलिफा उमर यांच्या काळात, इ. स. 640 च्या सुमारास, सैनिकांच्या वेतनाची नोंदवही सुरू झाली. ती ‘दीवान’. मग ती वही जिथे ठेवत ती कचेरी दीवान. मग त्या कचेरीत बसून निर्णय घेणारं मंडळ दीवान. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी सल्तनतीचं मंत्रिमंडळ ज्या दालनात भरत असे, ते आजही पाहता येतं. त्याचं नाव ‘कुब्बेआल्ती’, म्हणजे घुमटाखालचं. भिंतींना लागून बुटकं, गाद्या अंथरलेलं लांबच लांब आसन. त्यावर वजीर आणि काझी बसत. वर भिंतीत एक जाळीची खिडकी, तिच्यामागे सुलतान बसलेला असेल किंवा नसेल, खालच्यांना कळायचं नाही.

युरोपच्या वकिलांनी आणि प्रवाशांनी हे पाहिलं आणि मंडळाचं नाव आसनाला चिकटवलं. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. आपणही गादी म्हणजे कापसाची गादी, आणि ‘गादीवर बसला’ म्हणजे राज्यावर बसला, असं म्हणतोच. फक्त तिथे नाव उलट दिशेने सरकलं: सत्तेकडून गादीकडे.

जाता जाता: भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत हाच शब्द वेगळ्या वाटेला लागला. जकातीची वही ठेवणारी कचेरी म्हणून इटालियन ‘दोगाना’ आणि फ्रेंच ‘दुआन’, दोन्हींचा अर्थ जकातनाका.

रशियात तो केव्हा आणि कसा आला?

दोनदा आला म्हणा. तुर्की दरबार या अर्थाने तो रशियन वकिलांना, सरदारांना ठाऊक होताच, कारण सुलतानाशी त्यांचं सतत काही ना काही चालू असे. आसन या अर्थाने तो 18 व्या शतकात आला, आणि बहुतेक कोश त्यासाठी फ्रेंचकडे बोट दाखवतात. त्या काळी पॅरिसमध्ये तुर्की थाटाचं वेड होतं, आणि पॅरिसमध्ये शिंक आली की पीटर्सबर्गमध्ये रुमाल निघत. सरदारांच्या घरांत रेशमी कापड चढवलेले दिवान आले.

त्याआधी साध्या रशियन घरात बसायला काय होतं? ‘लाफ्का’, म्हणजे भिंतीला कायमचं ठोकलेलं लाकडी बाक. आणि झोपायला अनेकदा चुलाण्याच्या वरची ऊबदार जागा. मऊ आसन ही श्रीमंतांची चैन होती.

फारसी-तुर्की शब्दांशी रशियनांची ओळख मात्र फार जुनी. 15 व्या शतकात त्वेर या रशियन शहरातला व्यापारी अफानासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरला पावसाळाभर अडकून पडला. त्याच्या टिपणांत मध्येच अख्खी वाक्यं तुर्की-फारसी मिश्रणात, पण रशियन अक्षरांत लिहिलेली आहेत. व्होल्गाच्या व्यापाऱ्यांची ती बाजारातली बोली होती.

आपला दिवाणखाना आणि रशियन ‘दिवान्नाया’ एकच का?

हा माझा लाडका प्रश्न. जुन्या रशियन वाड्यांत ‘दिवान्नाया’ नावाची खोली असे. घरातली मंडळी संध्याकाळी तिथे जमत, गप्पा मारत, कुणी वाचून दाखवी. आपल्या वाड्यातल्या दिवाणखान्यात गादी, लोड, तक्के, आणि साधारण तेच उद्योग. खोल्या जुळ्या दिसतात, नावंही. पण नावामागचा हिशेब निराळा. आपला दिवाणखाना म्हणजे दिवाणाची, कारभाराची बैठक भरते ती खोली. नाव कामावरून पडलं आणि काम सुटलं तरी राहिलं. दिवान्नाया म्हणजे जिथे दिवान ठेवलेत ती खोली. नाव फर्निचरवरून पडलं. आज रशियन घरात हा शब्द कुणी वापरत नाही. बैठकीच्या खोलीला ‘गस्तीनाया’ म्हणतात, म्हणजे पाहुण्यांची खोली. आपणही हॉल म्हणतो, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला.

दिवानवर लोळणारा तो प्रसिद्ध आळशी कोण?

इल्या इलिच ओब्लोमव, इवान गोंचारोव यांच्या 1859 सालच्या कादंबरीचा नायक. रशियन माणूस ‘ओब्लोमव’ आणि ‘दिवान’ हे शब्द एका दमात उच्चारतो. पण पुस्तक उघडून पाहा: पहिल्याच वाक्यात तो दिवानवर नाही, पलंगावर अंथरुणात पडलेला आहे. खोलीत रेशमी कापडाचे दोन दिवान आहेत खरे, पण त्यातल्या एकाची पाठ खचलेली आणि चिकटवलेलं लाकूड जागोजागी सुटलेलं. दुरुस्त कोण करणार!

त्याच्या अंगावर जे आहे ते आपल्याला जास्त जवळचं. मऊ, सैल, फारसी कापडाचा ‘खलात’. हा अरबी ‘खिलअत’, म्हणजे आपल्या बखरीतली खिलत: दरबारात मानाने अंगावर घातलेलं वस्त्र. आज रशियात डॉक्टरचा पांढरा कोट खलात, आंघोळीनंतरचा झगा खलात आणि बायकांचा घरात घालायचा गाऊनही खलातच. एका सुस्त माणसाच्या अंगाखाली दिवान आणि अंगावर खिलत! आपल्या दरबारात दोन्ही मिळवायला पूर्वजांना तलवार चालवावी लागे.

उच्चार कसा करायचा? तो चालवायचा कसा?

जोर दुसऱ्या अक्षरावर: दि-वान्. शेवटी ‘न’, ‘ण’ नाही. पुल्लिंगी, निर्जीव, सरळमार्गी शब्द. एक सोफा ‘अदीन दिवान’, दोन सोफे ‘द्वा दिवाना’ (इथे दुसरा हशा), पाच सोफे ‘प्यात् दिवानफ’.

खरी अडचण ‘वर’ची आहे. मराठीत ‘सोफ्यावर बस’ आणि ‘सोफ्यावर बसलाय’, दोन्हीकडे ‘वर’ तोच आणि ‘सोफ्या’ही तोच. रशियनमध्ये ‘ना’ तोच राहतो पण नाम बदलतं. जाऊन बसायचं असेल तर ‘ना दिवान’. आधीच बसलेला असेल तर ‘ना दिवाने’. पहिल्यात हालचाल आहे, दुसऱ्यात मुक्काम. मुलं हे वर्षभर चुकवतात. मी त्यांना सांगतो, शेवटचा ‘ए’ ऐकू आला की समजा माणूस आता उठत नाही.

‘दिवान-क्नीश्का’ हे काय प्रकरण आहे?

‘क्नीश्का’ म्हणजे छोटं पुस्तक. पुस्तकासारखा उघडणारा सोफा. यामागे घरांची टंचाई आहे. 1957 मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळात मोठ्या प्रमाणावर स्वस्त घरं बांधायचा निर्णय झाला. एका फ्लॅटमध्ये अनेक कुटुंबं स्वयंपाकघर वाटून घेऊन राहत होती, ती हळूहळू स्वतःच्या छोट्या घरांत गेली. छत अडीच मीटरवर, स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं, खोल्या एक किंवा दोन. दिवसा बैठक आणि रात्री शयनगृह, खोली तीच. मुंबईत वन-रूम-किचनमध्ये वाढलेल्याला पुढचं सांगायला नको.

क्नीश्का उघडायची रीत अशी. आधी सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचा, कारण पाठ मागे पडणार आहे. मग बसायचा भाग पुढच्या कडेने धरून वर उचलायचा, आतून ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत, आणि मग खाली सोडायचा. पाठ मागे आडवी होते आणि दोन्ही भाग एका पातळीत येतात. बसायचा भाग उचलला की खाली मोठा लाकडी खोका दिसतो. त्यात उशा, दुलया, चादरी. सकाळी सगळं परत आत. दोन भागांच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, एक फट राहते. तिघं झोपले तर ती मधल्याच्या पाठीखाली येते, आणि मधला नेहमी घरातला लहान मुलगा किंवा नवा पाहुणा असतो.

पुढे ‘येव्राक्नीश्का’ आली. तिच्यात बसायचा भाग पुढे सरकतो आणि पाठ रिकाम्या जागेत आडवी पडते. भिंतीपासून ओढावं लागत नाही. ‘अकार्दिओन’ बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा पुढे उलगडतो.

सोफा, तख्ता, कुशेत्का यांत फरक काय?

‘सफा’ (लिहिताना सोफा) जरा जुनाट, थाटाचा शब्द. रोजच्या बोलण्यात दिवानच. ‘तख्ता’ म्हणजे रुंद, बुटकं, बहुधा पाठ नसलेलं आसन. जॉर्जियात आणि कॉकेससमध्ये त्यावर गालिचा आणि गोल उश्या असतात. शब्द फारसी ‘तख्ता’, फळी. आपला तक्ता तोच. आपली दिवाण नावाची कॉट रशियनमध्ये सांगायचीच असेल तर ‘तख्ता’ सगळ्यात जवळ. ‘कुशेत्का’ फ्रेंच वळणाची, एकट्याने पडायची. आज मुख्यतः दवाखान्यातलं तपासणीचं टेबल. डॉक्टर ‘कुशेत्कावर झोपा’ म्हणाले तर दिवान शोधू नका.

‘दिवान सेना’ म्हणजे?

‘दिवान्निये वैस्का’: सोफ्यावरून लढणारं सैन्य. घरबसल्या, फोन हातात धरून युद्ध जिंकणाऱ्यांना इंटरनेटवर दिलेलं नाव. तसाच ‘दिवान्नी एक्स्पेर्त’, सगळ्या विषयांतला जाणकार. मराठीत आपण ‘कट्ट्यावरचा तज्ज्ञ’ म्हणू शकतो, पण कट्ट्यावर निदान चार माणसं समोर असतात. शिवाय टीव्हीवर वस्तू विकण्याच्या प्रकाराला ‘मगझीन ना दिवाने’ म्हणतात, म्हणजे सोफ्यावरचं दुकान.

घरातले आणखी कुठले रशियन शब्द आपल्या ओळखीचे?

‘सुन्दूक’ म्हणजे मोठी पेटी, आपली संदूक. ‘चिमदान’ म्हणजे सुटकेस: फारसी ‘जामादान’, जामा ठेवायचं दान. पानदान, फुलदाणी, अत्तरदाणी यांच्या रांगेत बसणारा शब्द. ‘अम्बार’ म्हणजे कोठार; पन्हाळ्याचा अंबारखाना आठवा. आणि बिचारा ‘सराय’. फारसीत राजवाडा, आपल्याकडे वाटसरूंची सराई, रशियनमध्ये लाकडं आणि मोडका पसारा टाकायची शेड. पसारा घातलेल्या मुलाला रशियन आई ‘खोली आहे की सराय?’ म्हणते तेव्हा तिच्या लेखी राजवाडा कुठेच नसतो.

मराठीतला कॉटवाला दिवाण रशियनमधून आला का?

नाही, तो इंग्रजीमार्गे आला, फर्निचरच्या दुकानातून. म्हणून मराठीत आज हा शब्द दुहेरी नांदतो. जुना दिवाण जुन्या कागदपत्रांत, संस्थानांच्या इतिहासात (बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव), दिवाणी कोर्टात आणि आडनावात. नवा दिवाण प्लायवूडचा. एकाचा आदरार्थी बहुवचनात उल्लेख होतो, दुसऱ्याखाली जुनी वर्तमानपत्रं ठेवतात. गझलांच्या संग्रहालाही दीवान म्हणतात, तो अर्थ ‘वही’पाशी थांबलेला. तो रशियन साहित्याच्या अभ्यासकांनाही माहीत आहे.

टॉलस्टॉय सोफ्यावर जन्मले हे खरं का?

खरं. यास्नाया पोल्यानाच्या घरात कातडी चढवलेला एक रुंद दिवान आजही जपून ठेवला आहे. 1828 मध्ये त्यावर टॉलस्टॉय जन्मले, त्यांची भावंडं जन्मली आणि पुढे त्यांची स्वतःची बरीचशी मुलंही. घरात बाळंतपण आलं की दिवान आत नेत. एरवी तो त्यांच्या लिहायच्या खोलीत असे.

रशियन घरी पाहुणा म्हणून गेलो आणि दिवानवर झोपायला सांगितलं तर?

खुशाल झोपा, कमीपणा मानू नका. कित्येक घरांत यजमान स्वतःही रोज तिथेच झोपतात, आणि तुमच्यासाठी दिवान सोडून ते ‘रस्क्लादूश्का’वर, म्हणजे घडीच्या खाटेवर गेलेले असतात. सकाळी उठलात की चादर-उशी घडी करा. बसायचा भाग उचलायला मात्र एकट्याने जाऊ नका. ‘खट्’ होण्याआधी हात सुटला तर बोटं सापडतात.